लवंगेचं तेल, द्राक्षाची बी आणि प्रमाण

वनस्पतीतून आलं ते हितकरच, या श्रद्धेला ज्ञान म्हणता येईल का? दातांच्या भरावात तिची कसून परीक्षा होते. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल ठणका शमवतं. झिंक ऑक्साइडमध्ये कालवलं की त्याचं तात्पुरतं सिमेंटही होतं. पण तेच दातात उरलं, तर त्यावर भरलेलं कॉम्पोझिट, म्हणजे रेझिनचा भराव, नीट घट्ट होत नाही. द्राक्षाच्या बियांचं उलट आहे. भरावाआधी आम्ल लावल्यावर डेंटिनमधले, म्हणजे दाताच्या आतल्या थरातले, कोलॅजेनचे तंतू उघडे पडतात, रेझिन त्यांत मुरून पकड घेतं; पुढे तंतू झिजले की पकड सुटते. बियांच्या अर्कातली प्रोअँथोसायनिडिन्स हे तंतू आपसांत बांधून टिकाऊ करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. बियांच्या तेलात मात्र ही द्रव्यं फारशी उतरत नाहीत. पिंपळगाव बसवंतच्या बागांतली खायची द्राक्षं बहुतेक बिनबियांची. बी हवी तर वाइनच्या चोथ्याकडेच वळावं लागेल.

कुणी म्हणेल, शतकांचा अनुभव प्रयोगशाळेनं का तोलावा? पण चरकसंहितेनंच परीक्षेची साधनं चार सांगितली: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. आप्तवचन त्यांत पहिलं आहे, एकटं नाही. लवंगेनं ठणका थांबतो हे प्रत्यक्ष. त्यावरून तिनं भरावही टिकेल, हे अनुमान फसतं. मग अर्काला तरी डोळे मिटून का स्वीकारावं? स्वीकारू नयेच. त्याचा तपकिरी डाग दातावर राहू शकतो, आणि चिकटद्रव्यातच जास्त मिसळला तर तोही रेझिन घट्ट होण्यात अडथळा आणतो.