क्रेडिट



गेल्या आठवड्यात कॉलेजला जाणारी एक मुलगी मला म्हणाली, "फादर, माझे दोन क्रेडिट राहिलेत." शेजारी उभे असलेले तिचे आजोबा घाबरले. "कोणाकडून कर्ज घेतलंस गं?" मुलीने हसत समजावले की आता अभ्यासक्रम क्रेडिटमध्ये मोजतात. वर्गात साधारण १५ तास शिकवले की एक क्रेडिट.

आजोबांची चूक नव्हती. हा शब्दच बहुरूपी आहे. बँकेच्या पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा, तर क्रेडिट कार्डावरची खरेदी म्हणजे उधारी! सिनेमाच्या शेवटी पडद्यावर सरकणारी नावे म्हणजेही क्रेडिट. आणि फेस्ताच्या तयारीनंतर 'क्रेडिट कोणाला?' यावरून होणारे रुसवेफुगवे आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत.

या सर्व अर्थांचे मूळ मात्र एकच आहे. लॅटिन भाषेत 'क्रेदो' म्हणजे 'मी विश्वास ठेवतो'. आपली ठेव पासबुकात क्रेडिट होते, कारण बँक आपल्या बाजूने लिहिते : या माणसाने विश्वासाने पैसे ठेवले, ते आपण त्याचे देणे लागतो. दुकानदार उधार देतो तेही विश्वासावरच. मराठीत आपण त्याला 'पत' म्हणतो, म्हणून तर पतपेढी. आणि रविवारच्या मिस्सामध्ये आपण उभे राहून जो विश्वास प्रकट करतो, त्याचेही नाव 'क्रेदो'च. भाषेचे अभ्यासक सांगतात की 'क्रेदो' आणि संस्कृतातील 'श्रद्धा' एकाच प्राचीन कुळातील आहेत.

सेमिनरीत हे शिकताना मला फार आनंद झाला होता. पण शब्दाचे मूळ कळणे वेगळे आणि तो जगणे वेगळे. माझ्या आधीच्या धर्मग्रामात दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला एक तरुण माझ्याकडे आला. रिक्षासाठी कर्ज हवे होते, जामीन मिळत नव्हता. "फादर, सही कराल?" मी म्हणालो, "बघू." ते 'बघू' म्हणजे 'नाही' हे आम्हा दोघांनाही कळले. त्याच सकाळी मी मोठ्या आवाजात 'मी विश्वास ठेवतो' म्हटले होते!

सही केली ती भाजी विकणाऱ्या एका विधवा बाईने. पुढे त्याचा एक हप्ता चुकला, तो तिने भरला. मी विचारले तर म्हणाली, "फादर, तो पडला तर उचलायला कोणीतरी नको का?"

प्रभू येशूने जक्कयला 'आधी लोकांचे पैसे परत कर, मग तुझ्या घरी येतो' असे सांगितले नाही. तो आधी त्याच्या घरी उतरला. चौपट परत देण्याचे वचन जक्कयच्या तोंडून त्यानंतर आले. प्रभूने त्याला पत दिली, म्हणून तो पतीला जागला.

आपल्या प्रत्येकाच्या वहीत असे एक नाव असते, ज्याचे खाते आपण कायमचे बंद केले आहे. तो भाऊ असेल, सून असेल, शेजारी असेल. आज मिस्सामध्ये 'मी विश्वास ठेवतो' म्हणताना ते नाव आठवू या. देवाने तर आपले खाते अजून बंद केलेले नाही.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू