न पाहिलेल्या यंत्राचे ज्ञान

प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालायचा आहे तिथेच तो कंपाइल केला तर ते नेटिव्ह कंपायलेशन. एका यंत्रावर कंपाइल करून वेगळ्या जातीच्या यंत्रावर चालवायचा असेल तर क्रॉस कंपायलेशन. लॅपटॉप एक्स८६चा आणि प्रोग्रॅम हवा एआरएमच्या छोट्या बोर्डासाठी, हा नेहमीचा प्रसंग. दोन्ही वेळी बिल्ड सुरू होण्याआधी काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: ‘लाँग’ या प्रकाराला किती बाइट लागतात, अमुक फंक्शन लायब्ररीत आहे का, असले तर ते अपेक्षेप्रमाणे वागते का. ही माहिती गोळा करणे म्हणजे कॉन्फिगर करणे. नेटिव्ह बिल्डमध्ये ती यंत्रालाच विचारता येते. क्रॉस बिल्डमध्ये ज्याला विचारायचे तेच समोर नसते. जे समोर नाही त्याचे खरे ज्ञान कशाने होते, हा न्यायदर्शनाचा जुना प्रश्न इथे रोजच्या कामात उभा राहतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी खऱ्या ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून होणारे ज्ञान. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली सुरू केलेले ऑटोकॉन्फ हे कॉन्फिगर करण्याचे साधन नेटिव्ह बिल्डमध्ये याच वाटेने जाते. ते चार-सहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिते, कंपाइल करते, चालवते आणि निकाल पाहते.

पण संनिकर्ष योग्य विषयाशीच झाला पाहिजे; नाहीतर शिंपल्यात रुपे दिसते. ६४ बिटच्या लॅपटॉपवर ३२ बिटच्या एक्स८६ यंत्रासाठी बिल्ड केले, तर चाचणीचा प्रोग्रॅम बहुधा लॅपटॉपवरही चालून जातो, आणि परक्या यंत्राविषयीचे उत्तर घरच्या यंत्राकडून मिळते. प्रोग्रॅम कुठे चालणार एवढेच सांगितले आणि तो कुठे कंपाइल होतो आहे ते सांगितले नाही, तर ऑटोकॉन्फ ‘क्रॉस आहे का’ या रकान्यात हो किंवा नाही न लिहिता ‘कदाचित’ लिहिते आणि एक प्रोग्रॅम चालवून पाहते. न्यायसूत्रांच्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र जागा आहे. इथेही ती आहे. दोन्ही नावे स्पष्ट लिहिली आणि ती वेगळी असली, की संशय मिटतो.

प्रत्यक्ष नसेल तिथे अनुमान, आणि त्याचा इथला नमुना फार देखणा आहे. ‘लाँग’चा आकार प्रोग्रॅम न चालवता काढायचा. त्यासाठी एक ॲरे जाहीर करतात. तिची लांबी अशी लिहिलेली असते की अट खरी असेल तर १ आणि खोटी असेल तर उणे १. उणे लांबीची ॲरे सी भाषेत असूच शकत नाही, म्हणून अट खोटी असली की कंपायलर अडतो. ‘आकार ७ किंवा त्याहून कमी आहे’ म्हटले, अडला. ‘८ किंवा त्याहून कमी’ म्हटले, पुढे गेला. म्हणजे आकार ८. धूर आणि अग्नी यांच्यासारखीच ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारी सोबत, आहे, आणि कंपायलरची चूक दाखवणारी ओळ इथे धुराचे काम करते. ३२ बिटच्या एआरएम लिनक्ससाठी हाच प्रयोग ४ सांगतो, आणि तो बोर्ड कपाटात बंद असला तरी चालते.

हे अनुमान तिथवरच पोचते जिथवर कंपायलरला ठाऊक आहे. ‘मॅलॉक’कडे शून्य बाइट मागितले तर काय मिळते? सी भाषेचे मानक दोन्ही उत्तरांना मुभा देते: रिकामा पॉइंटर किंवा खरा पॉइंटर. निर्णय लायब्ररीचा, आणि तो चालवल्याशिवाय दिसत नाही. ऑटोकॉन्फच्या जुन्या आवृत्त्या क्रॉस बिल्डमध्ये वाईटच धरून चालत आणि ‘मॅलॉक’च्या जागी पर्यायी फंक्शनचे नाव घालत. ते फंक्शन प्रकल्पात नसले की लिंकिंग शेवटच्या टप्प्यावर मोडे, आणि चूक दाखवणारी ओळ खऱ्या कारणापासून फार लांबची असे. अज्ञानाला नकार समजल्याचा हा परिणाम होता.

एम्युलेटर हा मधला मार्ग. क्यूइमू नावाचे एम्युलेटर एआरएमच्या आज्ञा एक्स८६वर चालवते, आणि बिल्ड सिस्टिमला तो मध्यस्थ दाखवून देता येतो. त्याला उपमान म्हणण्याचा मोह होतो, पण न्यायातले उपमान म्हणजे गाईशी असलेल्या साम्यावरून गवय या रानटी प्राण्याला ओळखून त्याचे नाव त्याला जोडणे, ते वेगळे. हे मध्यस्थामार्फतचे प्रत्यक्ष आहे आणि ते अर्धेच आहे: युजर मोडमध्ये आज्ञा एआरएमच्या असल्या तरी सिस्टिम कॉल घरच्याच कर्नलकडे जातात. त्यामुळे कर्नलविषयी विचारलेल्या प्रश्नांवर हे उत्तर धरता येत नाही.

नेटिव्ह बिल्डच्या प्रत्यक्षालाही मर्यादा आहेच. याच यंत्राच्या प्रोसेसरला साजेसा कोड बनवण्याचा पर्याय जीसीसी या कंपायलरला दिला आणि तयार झालेली फाइल जुन्या प्रोसेसरवर नेली, तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून ती तिथेच थांबू शकते. एका यंत्राला पाहिले म्हणजे सगळ्यांना पाहिले असे होत नाही. व्याप्ती डोळ्यांनी दिसत नाही, हा चार्वाकांचा आक्षेप इथे अगदी खरा ठरतो. जो प्रोग्रॅम दुसऱ्यांना वाटायचा आहे त्याचे बिल्ड एका अर्थाने क्रॉसच असते.

उरते शब्दप्रमाण. ऑटोकॉन्फची कॅश फाइल, सीमेक या बिल्ड सिस्टिमची टूलचेन फाइल, मेसॉन या दुसऱ्या बिल्ड सिस्टिमची क्रॉस फाइल हे सगळे कुणीतरी लिहून दिलेले शब्द आहेत. त्यांवर विसंबायचे तर लिहिणारा आप्त हवा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताची व्याख्या कुळावर किंवा अधिकारावर ठेवली नाही: ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखेच. क्रॉस फाइलचीही हीच कसोटी. दुसऱ्या प्रकल्पातून उचललेली आणि कुणी बोर्डावर पडताळून न पाहिलेली फाइल आप्तवचन नव्हे.

सीमेकचे वागणे या बाबतीत सर्वांत प्रामाणिक. क्रॉस बिल्डमध्ये चाचणी चालवण्याची वेळ आली आणि एम्युलेटर नसला, तर ते उत्तर धरून चालत नाही. चाचणीचा प्रोग्रॅम तयार करून ठेवते, प्रश्नांची एक फाइल लिहिते आणि उत्तराच्या जागी ‘कृपया भरा’ अशी खूण सोडून थांबते. मग कुणीतरी तो प्रोग्रॅम बोर्डावर नेतो, चालवतो आणि आलेला आकडा परत आणून त्या जागी लिहितो.