डबा सोपा असावा काय?

जून महिन्यात शाळेची घंटा वाजली, की घराघरांतील स्वयंपाकघरात एक प्रश्न रोज नव्याने उभा राहतो : आज डब्यात काय द्यायचे? प्रश्न इतका घरगुती आहे, की त्याचा नीतिशास्त्राच्या अंगाने विचार करावा हेच कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु माणसाची नीती मोठ्या प्रसंगांची वाट पाहत बसत नाही. रोजच्या, कंटाळवाण्या, पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामांतूनच ती घडते अथवा बिघडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० शालेय दिवस ठरवून दिले आहेत. त्या हिशेबाने एका मुलाचे आठवीपर्यंतचे डबे होतात १,६६० आणि घरात दोन मुले असतील तर ३,३२०. जी कृती आपल्या हातून इतक्या वेळा घडते तिला क्षुल्लक कसे म्हणावे?

आपल्या वसई-विरार पट्ट्यातील धर्मग्रामांत आज अशी असंख्य घरे आहेत, जिथली आईही नोकरीसाठी मुंबई गाठते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. दिवस उजाडण्यापूर्वी उठायचे, सर्वांचे आवरायचे आणि गर्दीच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधायची. अशा आईने एखाद्या दिवशी चपाती आणि उकडलेले अंडे एवढेच डब्यात भरले, की दिवसभर तिच्या मनाला टोचणी लागून राहते. शेजारच्या मुलाच्या डब्यात तीन कप्पे आणि तीन पदार्थ असतात, मग आपण आई म्हणून कमी पडतो काय? ही टोचणी कधी घरातील वडीलधारी माणसे लावतात, कधी जाहिराती लावतात, आणि बहुतेक वेळा ती स्वतःच स्वतःला लावून घेते. तिच्या मुळाशी एक समजूत आहे. जितके कष्ट अधिक तितके प्रेम अधिक, आणि सोपा मार्ग निवडला म्हणजे प्रेमात उणीव राहिली, अशी ती समजूत होय. ती खरी आहे काय, हे येथे तपासून पाहावे असे आम्हांला वाटते.

या समजुतीला तत्त्वज्ञानात आधार सापडत नाही असे नाही. इमॅन्युएल कान्ट या जर्मन विचारवंताने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात असे मांडले, की मनाचा ओढा नसतानाही केवळ कर्तव्यबुद्धीने केलेल्या कृतीत नैतिक मोल सर्वांत स्पष्टपणे दिसून येते. कान्टला अभिप्रेत असलेला अर्थ सूक्ष्म होता. तथापि, सर्वसामान्य माणसाने त्यातून जे उचलले ते एवढेच, की जे जड जाते ते पुण्याचे आणि जे सहज होते ते संशयास्पद.

याच्या पाच शतके आधी संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात, प्रेम या सद्गुणाची चर्चा करताना, याच प्रश्नाला हात घातला होता. सद्गुणाचे सार कठीणपणात नसून चांगुलपणात आहे, असा त्यांचा निर्वाळा आहे. एखादी गोष्ट अधिक कठीण आहे एवढ्यावरून ती अधिक श्रेष्ठ ठरत नाही. ती अधिक चांगलीही असावी लागते. किंबहुना, सद्गुण अंगी मुरला की चांगले काम हातून सहज आणि आनंदाने होऊ लागते, असेच ही सारी विचारपरंपरा सांगत आली आहे. सुगरणीची भाकरी सहज फुगते म्हणून तिचे मोल कमी होत नाही. त्याच न्यायाने, पाच मिनिटांत भरलेला डबा मुलाचे पोषण करीत असेल, तर तो दोन तास खपून केलेल्या डब्यापेक्षा नीतीच्या तराजूत हलका ठरत नाही.

येथे कोणी विचारील, की मग दुकानातील पुडी फोडून डब्यात रिकामी केली तर बिघडले कुठे? त्याहून सोपे काय असणार?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देताना सोपेपणाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिल्या प्रकारात श्रम खरोखरच कमी होतात. ते आधी उरकले जातात, वाटून घेतले जातात अथवा अनावश्यक म्हणून गाळले जातात. दुसऱ्या प्रकारात श्रम कमी झाल्यासारखे दिसतात, परंतु त्यांचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी माथी टाकलेला असतो. वेफर्स, तळलेल्या नूडल्स, क्रीमची बिस्किटे यांचा डबा रोज दिला, तर आईची सकाळ वाचते खरी. पण त्यातील मीठ, साखर, मैदा आणि तेल यांचा हिशेब मुलाच्या शरीराला पुढे चुकता करावा लागतो. ही उधारी होय, आणि ती फेडणाऱ्याची संमती कोणी घेतलेली नसते. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२० साली केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने चरबी, मीठ व साखर यांचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत असा नियम केला. परंतु फाटकावरचा नियम दप्तरातल्या डब्याला लागू होत नाही. तेथे घराच्या विवेकाचेच राज्य चालते. महिन्यातून एकदा बिस्किटांचा पुडा दिला म्हणून आभाळ कोसळत नाही, हेही आम्ही आवर्जून सांगतो. प्रश्न सवयीचा आहे.

मग प्रामाणिक सोपेपणा कसा असतो? त्यासाठी दूर जावे लागत नाही. रात्री मूठभर मूग भिजत घालावेत, दुसऱ्या रात्री ते फडक्यात बांधून ठेवावेत. तिसऱ्या सकाळी मोड आलेल्या मुगांची उसळ होण्यास फार वेळ लागत नाही. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवता येते. कांदेपोह्यांवर लिंबू पिळले, की त्यातील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. त्याला वेगळे कष्ट पडत नाहीत. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तांदळाच्या आणि गव्हाच्या कितीतरी पट. तिचे धिरडे घालणे काही अवघड नाही. आपल्या वसई-आगाशीकडची राजेळी केळ्यांची सुकेळी तर उन्हाने करून ठेवलेला खाऊच आहे. तिच्याबरोबर चार शेंगदाणे दिले, की छोट्या सुट्टीची सोय झाली. एवढी काळजी मात्र घ्यावी, की गरम पदार्थ डब्यात भरून लगेच झाकण लावू नये. वाफ आत कोंडली की पाणी सुटते आणि उन्हाळ्याच्या दिवसांत अन्न लवकर आंबते.

किती द्यावे, हाही विवेकाचाच विषय आहे. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मध्यममार्ग समजावताना मायलो या प्रसिद्ध मल्लाचा दाखला दिला आहे. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे, म्हणून प्रत्येकाला सहा माप वाढावे असे होत नाही. तेवढे अन्न मायलोला अपुरे पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. योग्य मध्य हा त्या त्या माणसाच्या संदर्भात शोधावा लागतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा दाखला डब्याला चपखल लागू पडतो. अर्धा डबा परत आला, की आपण रागावतो. वस्तुतः तो परत आलेला डबा आपल्याशी काही बोलत असतो. कदाचित माप चुकले असेल, कदाचित चपाती वातड झाली असेल, कदाचित सुट्टीच दहा मिनिटांची असेल, कदाचित डबा उघडला तेव्हा कोणी तरी हसले असेल. यांपैकी काय घडले हे मुलाला शांतपणे विचारावे. डबा आपल्या डोळ्यांआड खाल्ला जातो; तेथे आपली सक्ती पोहोचत नाही. म्हणून तो काय असावा हे ठरवताना मुलाचा आवाज असला पाहिजे, आणि हात लागण्याजोगे वय झाले की हातही असला पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाला काकडी चिरता येते, अंडे सोलता येते, आपला डबा आपण घासता येतो. मुलीला येते तितकेच मुलालाही येते.

शाळेतील मुलाचे जेवण हा एकट्या आईचा प्रश्न नाही, ही गोष्ट समाजाने मोठ्या प्रमाणावर मान्य केलेली आहे. कामराज मुख्यमंत्री असताना मद्रास राज्याने १९५६ साली शाळांत दुपारचे जेवण सुरू केले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाची योजना आली. तिच्यात प्रारंभी अनेक राज्यांत मुलांना महिन्याकाठी तीन किलो धान्य घरी नेण्यासाठी मिळत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरडे धान्य न देता शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. आज कायद्याने प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने असलेले जेवण मिळणे हा त्याचा हक्क आहे. शेतमजुराच्या बायकोची सकाळ त्यामुळे थोडी सोपी झाली, आणि त्या सोपेपणाला कोणी आळस म्हणत नाही.

परंतु वर सांगितलेली कसोटी येथेही लावून पाहिली पाहिजे. ते जेवण जी स्त्री रांधते, तिच्यासाठी केंद्र शासनाने २००९ साली ठरवलेले मानधन महिन्याला १,००० रुपये होते, तेही वर्षातील दहा महिन्यांचे. काही राज्ये त्यात आपली भर घालतात. तरी ज्या हातांनी शेकडो मुलांचे पोट भरते, त्यांना मिळणारा मोबदला कष्टांच्या मानाने तुटपुंजाच आहे. म्हणजे एका आईचा भार उतरला, तो दुसऱ्या आईच्या खांद्यावर स्वस्तात ठेवला गेला. सोपेपणाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न शासनाला जसा विचारावा तसाच आपल्या घरालाही विचारावा.

आणि घराला तो विचारला, तर उत्तर अवघडच येते. बहुतेक घरांत सर्वांचा डबा सोपा असतो, कारण एका व्यक्तीची पहाट अवघड असते. पतीला डबा हातात मिळतो, मुलांना दप्तरात मिळतो, आजोबांची न्याहारी झाकून ठेवलेली असते. मग वर्षातून एकदा मातेच्या त्यागाचे गोडवे गायले जातात. ते गोडवे खोटे नसतात. मात्र त्यांच्यामुळे कामाची वाटणी करण्याची गरज पुष्कळदा विसरली जाते. ज्याचे जे देणे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, अशी त्याची जुनी व्याख्या आहे. आईला द्यावयाच्या देण्यात स्तुती येते, तशी अर्ध्या तासाची झोपही येते. ज्या कामाला दोन हात पुरे पडत नाहीत, ते चार हातांत विभागून घेणे हा उपकार नसून न्याय आहे, असे आम्ही मानतो.

तेव्हा, वाचकहो, डबा सोपा असावा काय, या प्रश्नाला आमचे उत्तर होकारार्थी आहे. तो सोपा जरूर असावा; मात्र तो सोपेपणा मुलाच्या आरोग्यातून अथवा आईच्या झोपेतून वसूल केलेला नसावा. रविवारी मिस्साहून परतल्यावर घरातील सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसावे आणि येत्या सहा दिवसांच्या डब्यांची यादी करावी. प्रत्येक पदार्थापुढे तो कोण करणार याचे नाव लिहावे. त्या यादीत एकच नाव सहाही दिवस येत असेल, तर यादी पुन्हा लिहावी.