मैदान, पुस्तक आणि अमानत



मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि महाविद्यालयाच्या संघाकडून पाच हजार मीटर धावते. अंगभर कपडे आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल हा माझा मैदानावरचा पोशाख. मुलीने धावावे की नाही, ही आपल्या घराघरांत अजून चर्चेची बाब आहे. मुलगा खेळत असला तरी "किती दिवस खेळणार?" हे त्याला ऐकावे लागतेच. या विचारणेमागे पुष्कळदा दिव्य कुरआनचा आधार दिला जातो. सूरह अल-हदीदच्या २० व्या आयतीत ऐहिक जीवनाला खेळ आणि करमणूक म्हटले आहे. मग ज्याचा उल्लेख अशा शब्दांत झाला त्यापायी ईमानवंताने आपले तारुण्य का खर्ची घालावे, असा हा युक्तिवाद आहे. तो करणारी माणसे आपल्या हिताचीच असतात. म्हणून त्यांना हसण्यावारी न नेता उत्तर शोधले पाहिजे.

ती आयत शेवटपर्यंत वाचावी, एवढीच माझी विनंती आहे. खेळ आणि करमणूक यांच्याबरोबर तेथे शोभा, परस्परांत मिरविणे आणि संपत्ती व संतती यांच्या बाबतीतील चढाओढ यांचाही उल्लेख आहे. पुढे पावसाचा दृष्टांत येतो. पीक तरारून येते, शेतकरी सुखावतो, मग ते पीक पिवळे पडते आणि शेवटी त्याचा भुसा होतो. आता विचार करा, या वर्णनातून कोण सुटला? दुकान, बढती, वरचा मजला, लग्नातला मंडप, मुलाचा वैद्यकीय प्रवेश आणि त्याची नातेवाइकांत केलेली वाच्यता, हे सारे त्यात आले. धावणारी मुलगी या आयतीपुढे उभी आहे खरी, पण ती एकटी उभी नाही. प्रश्न विचारणारे चाचाही तिच्या शेजारीच उभे आहेत!

मग फरक कशाने पडतो? आपण सारे लगेच म्हणतो, नियतीने. शब्द बरोबर आहे. परंतु तो इतक्या सहज उच्चारला जातो की त्याचे वजन जाणवेनासे होते. सहीह मुस्लिममधील एक हदीस आठवा. अंतिम निवाड्याच्या दिवशी सर्वांत आधी ज्यांचा हिशेब होईल अशा तीन माणसांविषयी ती आहे. एक रणांगणात प्राण देणारा, दुसरा ज्ञान मिळवून ते शिकविणारा व कुरआन पठण करणारा, तिसरा सढळ हाताने देणारा. तिघांच्याही कृती वरून पाहता थोर होत्या. परंतु लोकांनी शूर म्हणावे, विद्वान म्हणावे, दानशूर म्हणावे यासाठी त्या झाल्या होत्या. लोकांनी तसे म्हटलेही आणि त्यांचा मोबदला तेथेच चुकता झाला.

ही हदीस प्रथम ऐकली तेव्हा मला त्यातील विद्वानाचा विचार अधिक अस्वस्थ करून गेला. आपण मनाशी एक वाटणी करून बसलो आहोत: पुस्तक म्हणजे पुण्याची बाजू, मैदान म्हणजे उनाडक्या. इक्राच्या आदेशाने प्रकटनाचा आरंभ झाला, तेव्हा ज्ञानाचे श्रेष्ठत्व कोण नाकारील? परंतु ज्ञानाच्या नावावर चालणारी प्रत्येक धडपड त्या आदेशाखाली येत नाही. गुणवत्ता यादीत नाव झळकावे म्हणून रात्र जागविणारा विद्यार्थी आणि पदकासाठी पहाटे उठणारी धावपटू या दोघांना एकाच आजाराचा धोका आहे. टाळ्या वाजवणारे वेगळे, एवढेच.

याच्या उलट दिशेनेही पाहावे. सूरह अल-बकराच्या २४७ व्या आयतीत तालूत यांना राजा नेमल्याचा प्रसंग आहे. लोकांनी त्यांच्याजवळ धन नसल्याची तक्रार केली. तेव्हा त्यांच्या निवडीचे जे कारण सांगितले गेले त्यात ज्ञान आणि शरीर या दोहोंची समृद्धी एकत्र आली आहे. सूरह अल-कससमध्ये ह. मूसा (अ.) यांना कामावर ठेवून घ्या असे सुचविणारी मुलगी आपल्या वडिलांना दोनच गुण सांगते: सामर्थ्यवान आणि विश्वासू. मला वाटते, खेळाडूने आपल्या खोलीच्या भिंतीवर कोणा विजेत्याचे चित्र लावण्यापेक्षा हे दोन गुण मनात धरावेत. सामर्थ्य मैदानावर कमावता येते. विश्वासूपणा मात्र तेथे केवळ पारखला जातो. तो घरातून आणावा लागतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मदीनेत शर्यती होत असत. सहीह बुखारीत घोड्यांच्या शर्यतीची नोंद आहे. शर्यतीसाठी खास तयार केलेले घोडे अल-हफयापासून सनिय्यतुल-विदापर्यंत धावले. ते अंतर ५ किंवा ६ मैलांचे होते. तशी तयारी नसलेले घोडे सनिय्यतुल-विदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत धावले, म्हणजे सुमारे १ मैल. या तपशिलाकडे आपण केवळ इतिहास म्हणून पाहतो. मला त्यात न्याय दिसतो. तयार घोड्याला तयार नसलेल्याशी भिडवले गेले नाही. आज वयाचा दाखला बदलून मोठ्या मुलाला लहान गटात उतरविणारे पालक आणि प्रशिक्षक यांनी ही नोंद एकदा वाचावी. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्याही आपण वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. अशा कागदावर मिळालेली जागा दुसऱ्या कोणाची तरी असते. नमाज, रोजे सारे नीट चालू असतानाही हा हक्कुल-इबादचा बोजा मानेवर राहतो.

आणि ह. आयेशा (रजि.) यांची शर्यत. अबू दाऊदमध्ये ती आली आहे. प्रवासात प्रेषितांसोबत (स.) पायी धावण्याची शर्यत झाली आणि त्या जिंकल्या, पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले, आणि ही त्या वेळची परतफेड, असे त्यांनी म्हटले. मुसनद अहमदच्या कथनात आणखी एक बारकावा आहे: प्रेषितांनी (स.) सोबतच्या लोकांना पुढे जाण्यास सांगितले आणि मग ही शर्यत झाली. मुलींच्या खेळाविषयी आपल्यात दोन टोकांची मते आहेत. एक पक्ष धावण्याचा दाखला देतो आणि लोकांना पुढे पाठविल्याचे विसरतो. दुसरा पक्ष लाजमर्यादेवर बोलतो आणि शर्यत झाली हेच विसरतो. मुलींना स्वतंत्र वेळ, बंदिस्त मैदान आणि सभ्य पोशाख मिळवून देण्यासाठी जो वेळ खर्च व्हायला हवा तो या वादात जातो.

आता शरीराविषयी. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजीत उभे राहत, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना शरीराचा हक्क, डोळ्यांचा हक्क, पत्नीचा हक्क आणि पाहुण्यांचा हक्क यांची आठवण दिली. म्हणजे उपासनेलाही शरीराचा हक्क मारण्याची मुभा नाही. मग पदकाला कोठून असणार? आमचे सर आठवड्यातून एक दिवस सक्तीने विश्रांती देतात. तो दिवस मला सर्वांत जड जातो, आणि त्या दिवशीच मला कळते की हे शरीर माझ्या हट्टाचे साधन नाही.

उत्तेजक द्रव्यांच्या नियमांत एक कठोर तत्त्व आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तो स्वतः जबाबदार. भुकटीचा डबा मित्राने दिला, गोळी कोणी दुसऱ्याने आणली, लेबलावर काही लिहिले नव्हते, या सबबींनी शिक्षा क्वचित कमी होते; जबाबदारी मात्र सरत नाही. पुष्कळांना हे अन्यायाचे वाटते. परंतु ज्याने हलाल-हरामचा विचार करीत घास घ्यायला शिकले आहे, त्याला आपल्या पोटात काय जाते हे विचारण्याची सवय असायला हवी. तिर्मिजीतील हदीसनुसार हिशेबाच्या दिवशी माणसाला त्याचे आयुष्य कशात गेले हे विचारले जाईल, आणि त्यानंतर तारुण्य कशात झिजविले हे वेगळे विचारले जाईल. तारुण्य हा आयुष्याचाच भाग; तरी त्याचा प्रश्न निराळा ठेवला आहे. विशीच्या वयात हे वाचताना मनावर दडपण येते. ते यावे, असेच मला वाटते.

दैनंदिन व्यवहारात खरा पेच वेळेचा असतो. स्पर्धेच्या दिवशी आम्हाला धावण्याआधी ठरलेल्या वेळी कॉल रूममध्ये हजर व्हावे लागते. उशीर झाला की नाव कटते. वर्षभराची मेहनत त्या दोन मिनिटांवर अवलंबून असते आणि कोणीही खेळाडू त्याविरुद्ध कुरकुर करीत नाही. नमाजही निश्चित वेळांत बांधलेले कर्तव्य आहे, हे सूरह अन-निसात सांगितले आहे. कॉल रूमच्या घोषणेला दचकून उठणारी आपण माणसे अजानला मात्र "पाच मिनिटांनी" म्हणतो. जुहरची वेळ आणि शर्यत यांची गाठ पडली तर वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून मार्ग काढता येतो. मैदानाच्या नळावर वुजू होतो, चादरीपुरती जागा कोठेही मिळते. बहुधा अडथळा आयोजकांचा नसतो. विचारण्याचा संकोच हाच अडथळा असतो.

रोज्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. हकीम ओलाजुवान हे बास्केटबॉलपटू मूळचे लागोसचे. ह्यूस्टन विद्यापीठाकडून खेळून ते व्यावसायिक झाले. १९९५ मध्ये फेब्रुवारी महिन्यात रमजान आला, ते रोजे ठेवून खेळले आणि त्या महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. आपल्याकडे हे उदाहरण अभिमानाने सांगितले जाते. मला त्यात एक धोका दिसतो. रोजा ठेवल्याने माणूस जिंकतो, असा अर्थ मुले काढतात. मग रोजा ठेवून हरलेल्याचे काय? बिल्कीस अब्दुल-कादिर या खेळाडूचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. मॅसॅच्युसेट्स राज्यात शालेय गुणांचा विक्रम करणारी ही मुलगी मेम्फिस आणि नंतर इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून हिजाब घालून खेळली. २०१४ मध्ये महाविद्यालयीन खेळ संपला आणि व्यावसायिक खेळाच्या दारात आंतरराष्ट्रीय महासंघाचा शिरोवस्त्रबंदीचा नियम आडवा आला. तिने हिजाब उतरवला नाही. नियम २०१७ मध्ये बदलला. तोपर्यंत ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती. तिच्या वाट्याला चषक आला नाही. तिच्या मागून येणाऱ्या मुलींना मात्र तो नियम आता अडवत नाही.

पराभवाविषयी बुखारीत ह. अनस (रजि.) यांचे एक कथन आहे. प्रेषितांची (स.) अल-अज्बा नावाची सांडणी कधी हरत नसे. एक ग्रामीण अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि तिच्या पुढे निघून गेला. सहाबांना फार लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की जगात जे काही उंचावते त्याला खाली आणणे हा अल्लाहचा हक्क आहे. त्या अरबाला कोणी अडवले नाही, उंटाचे वय विचारले नाही. साडेबारा फेऱ्यांच्या माझ्या शर्यतीत अकराव्या फेरीला एखादी मुलगी शेजारून निघून जाते, तेव्हा मला ती सांडणी आठवते. शर्यत संपल्यावर त्या मुलीकडे जाऊन, तू छान धावलीस, हे मनापासून म्हणता आले की माझी नियत त्या दिवशी शाबूत होती असे मी समजते. जिंकण्याची इच्छा मी सोडलेली नाही. ती सोडली पाहिजे असेही मला वाटत नाही.

हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०३० मध्ये तो जानेवारीच्या आरंभी येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. आमच्या स्पर्धा हिवाळ्यात असतात. माझी धाकटी बहीण तेव्हा महाविद्यालयात असेल आणि तीही धावते. प्रवासात असताना रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे, आणि अल्लाहने दिलेली सवलत घेणे त्याला प्रिय आहे. पण आपल्याच शहरातल्या मैदानावर शर्यत असेल तर ती सवलत नाही. तिने मला गेल्या आठवड्यात विचारले की अंतिम फेरी दुपारी असली आणि गावातच असली, तर काय करायचे. अब्बा वर्तमानपत्र खाली ठेवून आमच्याकडे पाहत होते. मी तिला म्हटले, रोजा ठेवून धाव, आणि शेवटून पहिली आलीस तरी मी मैदानाबाहेर खजूर घेऊन मगरिबपर्यंत थांबेन.