सोडून गेलेल्यांची साक्ष

गुरूविषयी सर्वांत विश्वासाने कोण बोलू शकतो? जो जवळ राहिला तो, असे आपण धरून चालतो. पण जवळ राहिलेलीच दोन माणसे अगदी उलट गोष्टी सांगू लागली की आपण गोंधळतो, आणि ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून विषय मिटवतो. मला ही पळवाट वाटते. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांच्या नाशिकमधील दिवसांकडे पाहिले की ती का सोडली पाहिजे, हे कळते.

पॉल ब्रंटन हे इंग्रज पत्रकार १९३१ च्या सुरुवातीला मेहेरबाबांच्या नाशिकच्या मुक्कामी येऊन राहिले. त्याआधी नगरजवळ दोघांची भेट झाली होती आणि परत आलात तर आध्यात्मिक अनुभव येईल, अशी आशा त्यांना दाखवली गेली होती. नाशिकला त्यांनी वाट पाहिली. अनुभव आला नाही. १९३४ च्या ‘अ सर्च इन सीक्रेट इंडिया’ या पुस्तकात त्यांनी निर्वाळा दिला, तो असा : माणूस चांगला, पण स्वतःच्या थोरवीविषयी भ्रमात असलेला. पुढे १९३६ च्या अखेरीस याच नाशिकमध्ये पाश्चात्त्य शिष्यांसाठी आश्रम उघडला. तिथे आलेल्या किटी डेव्ही नंतर १९५२ पर्यंत भारतात राहिल्या, आणि १९८१ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘लव्ह अलोन प्रिव्हेल्स’ असे नाव दिले.

ब्रंटन पाहुणे होते, असे म्हणून त्यांना बाजूला ठेवता येईल. पण के. जे. दस्तूर यांचे काय? बाबांचा संदेश जगभर पोचवणाऱ्या ‘मेहेर मेसेज’ या मासिकाचे ते संपादक. तेच पुढे कडवे टीकाकार झाले. तसेच इंग्रज साधक मेरेडिथ स्टार. ते १९२८ साली गोदा-प्रवरेच्या संगमावरील टोक्याच्या आश्रमात येऊन राहिले. १९३१ साली बाबा पहिल्यांदा इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचा मुक्काम स्टार यांच्याच डेव्हनमधील साधनास्थळी झाला. थोड्याच काळात स्टार यांनी संबंध तोडले. मात्र त्यांच्या वर्तुळातून बाबांपर्यंत पोचलेल्या डेलिया डी लिऑन आणि मार्गारेट क्रास्क जन्मभर बाबांच्याच राहिल्या. वाट दाखवणारा परत फिरला, मागून आलेले पुढे गेले.

यांपैकी खरे कोण? हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, असे मला वाटते. बाबांचे मौन घ्या. १० जुलै १९२५ ला त्यांनी बोलणे थांबवले. ते मौन सोडण्याची घोषणा अनेकदा झाली. १९३२ साली हॉलिवूड बोलमध्ये ते सुटणार होते. कार्यक्रमच रद्द झाला. ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत ते सुटले नाही. ही वस्तुस्थिती भक्तही नाकारत नाहीत. टीकाकार म्हणतो, शब्द पाळला नाही. भक्त म्हणतो, मौन अंतरात सुटायचे होते. घटना एकच, ती कशाच्या मापाने मोजायची, यावर भांडण आहे.

म्हणून साक्षीचे दोन भाग वेगळे करावे लागतात. ‘त्यांच्या सहवासात मला शांती मिळाली’ हे किटी डेव्हींसारख्यांचे म्हणणे इतर कुणाला खोडता येत नाही. ‘मला काही मिळाले नाही’ हे ब्रंटन यांचे म्हणणेही तसेच. अनुभव ज्याचा त्याच्यापुरता. पण दिलेले वचन, घेतलेला पैसा, लोकांना दिलेली वागणूक या चारचौघांत तपासता येणाऱ्या गोष्टी आहेत. शांती मिळाली म्हणून हिशेब चोख ठरत नाही. हिशेब चुकला म्हणून कुणाची शांती खोटी ठरत नाही. महाराष्ट्राने २०१३ साली केलेला जादूटोणाविरोधी कायदाही याच रेषेवर उभा आहे. तो श्रद्धेला हात लावत नाही, ठरावीक कृत्यांना लावतो.

आपली अडचण परंपरेतही आहे. महीपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. संतचरित्रांच्या या परंपरेत तुकारामांना छळणाऱ्या रामेश्वरभट्टांसारखा विरोधक शेवटी शरण येतो. विरोधातून भक्तीकडे जाणारी वाट आपण शतकानुशतके कीर्तनात ऐकली. भक्तीतून प्रामाणिकपणे बाहेर पडलेल्या माणसाची कथा मात्र आपल्याकडे जवळजवळ नाही. त्यामुळे असा माणूस भेटला की त्याला ‘गुरुद्रोही’ एवढाच शब्द मिळतो. त्याचा अहंकार आड आला, असे म्हणून त्याचे बोलणे संपवले जाते. समोरची बाजूही कमी अन्यायी नसते; राहिलेल्या प्रत्येकाला ती आंधळा ठरवते. दोन्हीकडे माणसाचे म्हणणे बाजूला राहते आणि माणसावरच शेरा मारला जातो.

सोडून गेलेला नेहमी शहाणाच असतो, असेही नाही. ब्रंटन यांचेच पुढचे आयुष्य पाहावे. त्यांनी रमण महर्षींना पाश्चात्त्य वाचकांपर्यंत नेले. नंतर रमणाश्रमाच्या व्यवस्थापनाशी त्यांचे बिनसले. पुढे ते स्वतःच काहींचे गुरू झाले. ज्या घरी ते राहत, त्या घरातल्या मुलाने, जेफ्री मॅसन यांनी, १९९३ साली ‘माय फादर्स गुरू’ लिहून त्यांच्या थोरवीच्या दाव्यांची झाडाझडती घेतली. त्यांच्याच दुसऱ्या अनुयायांनी मात्र त्यांच्या वह्यांचे १६ खंड श्रद्धेने संपादित केले. नाशिकला ज्या प्रश्नाचा निकाल ब्रंटन यांनी दिला, तोच प्रश्न त्यांच्याविषयीही उभा राहिला.

मग पंथाची पारख कशावरून करायची? माझ्या मते, तो सोडून गेलेल्यांचे काय करतो यावरून. भाऊ कलचुरी यांच्या ‘लॉर्ड मेहेर’ या प्रदीर्घ चरित्रात दस्तूर आणि स्टार यांचे दूर जाणे नोंदलेले आहे. ते अर्थातच भक्ताच्या नजरेतून आहे. तरीही ती माणसे तिथे आहेत, पुसून टाकलेली नाहीत. एवढी नोंद ठेवण्याचे धैर्यही अनेक ठिकाणी दिसत नाही.

नाशिकमध्ये सिंहस्थ तोंडावर आहे. गोदाकाठी नाना पंथांचे आचार्य येतील, हजारो नवे अनुयायी अनुग्रह घेतील. त्यांनी श्रद्धा ठेवू नये, असे मी म्हणणार नाही. कुणाच्या पायाशी बसण्याआधी तिथून उठून गेलेल्या एकाला तरी भेटा, त्याचे पूर्ण ऐका, आणि मग राहिलेल्यालाही तितक्याच आदराने विचारा. ज्या ठिकाणी हा प्रश्न विचारायचीच बंदी असेल, तिथे बसू नका.