शेजारच्या ग्रंथाला विचारलेला प्रश्न

दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्याच्या आपल्याकडे दोनच रीती रुळल्या आहेत. एक सणावाराची. नाताळला केक घ्यायचा, दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचं आणि ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ म्हणून विषय मिटवायचा. दुसरी भांडणाची. धर्मांतर, परदेशी पैसा, मूर्तिपूजा हे ठरलेले मुद्दे काढून आवाज चढवायचा. दोन्हींत दुसऱ्याचा ग्रंथ उघडावा लागत नाही. तिसरीही एक रीत आहे. शेजाऱ्याच्या ग्रंथातली अवघड जागा त्यालाच विचारायची, त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं आणि तोच प्रश्न आपल्या ग्रंथालाही विचारायचा. ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. ती मधेच सुटली आहे, आणि पुन्हा हाती धरायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रहाटणीत राहून हे अधिकच जाणवतं. पिंपरीजवळचं, पवनेच्या काठचं हे मूळचं शेतीचं गाव. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आली, बजाज आली आणि या सगळ्या पट्ट्याचं रूप पालटलं. नगर, सोलापूर, मराठवाड्याकडून कामगार आले, तसे केरळातूनही आले. कोणी चर्च बरोबर आणलं, कोणी माळ आणि गाथा. आज रहाटणी-काळेवाडीच्या बाजूला रविवारी मराठी आणि मल्याळम अशा दोन्ही भाषांत प्रार्थना चालतात. वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते. एका जिन्यात राहणारी ही माणसं पार्किंगबद्दल आणि पाण्याच्या टँकरबद्दल तासन्‌तास बोलतात. मात्र येशू माणूस असून देव कसा, किंवा निर्गुण म्हणवणारा देव विटेवर कसा उभा, हे कोणी कोणाला विचारत नाही.

आपल्या पणजोबांच्या पिढ्या विचारत होत्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि दोन वर्षांच्या आत शास्त्रीपंडितांशी त्यांचे जाहीर वाद झाले. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून आपली बाजू छापली. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते. समोर लोकांची गर्दी असे, आणि पाद्री जॉर्ज बोवेन यांनी त्या वादांचा वृत्तान्त त्याच वर्षी प्रसिद्ध केला. विचार उघड्यावर मांडायचा आणि छापून लोकांपुढे ठेवायचा, ही सवय महाराष्ट्राला लागण्यात अशा वादांचा मोठा वाटा आहे.

पण किनाऱ्यावरच्या वादात कोणीतरी हरावं लागतं, आणि हरायचं नसलं की माणूस दोन मापं वापरतो. पुराणातल्या चमत्कारांना भाकडकथा म्हणणारा मिशनरी शुभवर्तमानातले चमत्कार मात्र पुरावा म्हणून पुढे करी. शास्त्रीही हाच हिशेब उलट्या बाजूने मांडत. ज्या कसोटीवर दुसऱ्याचा ग्रंथ घासला तिच्यावर आपला घासायचा नाही, हा त्या वादांतला खरा दोष होता. पुढे तर ग्रंथही बाजूला पडले. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी गेली, तिथे त्यांच्यापुढे चहा आला, आणि पुढे पुण्यात जो गदारोळ उठला तो चहाचा. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. मिशनमध्ये बोलणं काय झालं, याची चौकशी करावी असं फारसं कोणाला वाटलं नाही.

मला ज्या संवादाचं मोल सर्वांत जास्त वाटतं तो मात्र कुठल्याही सभेत झाला नाही. तो पत्रांतून झाला. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाचा प्रभाव होता. हे गोरे विशीच्या आत असताना ख्रिस्ती मताचं खंडन संस्कृतात लिहून बसले होते, आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले होते. बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न संपले, असं पुण्यातल्या टीकाकारांना वाटलं. वाँटेजच्या मठातल्या हितचिंतकांनाही तसंच वाटलं. रमाबाईंचे खरे प्रश्न तिथून सुरू झाले.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे? एकाच देवाचा शोध घेत वेदान्तातून आणि ब्राह्मो विचारातून आलेल्या या बाईला त्रैक्याचा सिद्धान्त पुन्हा अनेक देवांकडे नेणारा वाटला. चर्चमध्ये म्हणायचा अथानेशियसच्या नावाचा मतांगीकार त्यांना पटेना. येशूचा जन्म कुमारिकेपोटी झाला हेही त्यांनी निमूटपणे मान्य केलं नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्यावर माया करत, आणि चर्चच्या अधिकारापुढे त्यांनी नम्र व्हावं असा आग्रहही धरत. १८८५ मध्ये रमाबाईंनी त्यांना स्पष्ट कळवलं: भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जू मी घेणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरायची की नाहीत, यावरही त्या अडल्या. लॅटिनला पावित्र्य कुठून आलं, असं विचारून त्यांनी संस्कृतचा आग्रह धरला. संस्कृत देवांची भाषा आहे म्हणून तो आग्रह नव्हता. आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा म्हणून होता.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी निराळी वाट धरली. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना बंडखोरी म्हटलं नाही. या विद्यार्थिनीला ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासू द्यावा लागेल, नुसती इतिहासात घडलेली गोष्ट म्हणून तो तिच्या गळी उतरणार नाही, तिच्या विवेकाला तो पटला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं आणि जेराल्डिन यांनाही कळवलं. त्या उत्तर देत, पुस्तकं सुचवत, आणि जिथे गाठ सुटत नसे तिथे ती तशीच राहू देत. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. आपल्या शाळा-कॉलेजांत रमाबाई विधवांच्या कैवारी म्हणून शिकवल्या जातात, ते योग्यच आहे. धर्मविचारात ‘मला हे पटत नाही’ असं आपल्याच श्रद्धेच्या घरात उभं राहून म्हणणारी मराठी विदुषी म्हणूनही त्या शिकवल्या गेल्या पाहिजेत.

त्या ख्रिस्ताला सोडून गेल्या नाहीत. उलट केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि मूळ भाषांवरून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. ज्या ग्रंथाला सर्वांत टोकदार प्रश्न विचारले, त्याच ग्रंथासाठी या बाईने आयुष्याची शेवटची वर्षं वेचली. प्रश्न आणि श्रद्धा एका माणसात नांदू शकतात, याचा याहून भक्कम दाखला मला ठाऊक नाही.

असा संवाद आज कसा होऊ शकतो, हे मी आमच्याच इमारतीत अनुभवतो. धर्मशास्त्राच्या एका विद्यालयात नवा करार शिकवून निवृत्त झालेले एक शिक्षक खालच्या मजल्यावर राहतात. एकदा बोलता बोलता सरांनी ग्रीक नव्या कराराची अभ्यासकांची प्रत माझ्यापुढे ठेवली. पानाच्या वरच्या भागात मजकूर, आणि खाली बारीक टाइपात हस्तलिखितांच्या खुणा: कुठल्या पोथीत हा शब्द आहे, कुठल्या पोथीत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायापाशी त्यांनी बोट ठेवलं. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला लोक दगडांनी मारायला निघतात आणि येशू त्यांना म्हणतो, जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, ती ही जागा. बायबल कधीही न वाचलेल्यालाही माहीत असलेली ही कथा त्या प्रतीत दुहेरी चौकटी कंसात होती. कारण चौथ्या शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत ती नाही. योहानाच्या मूळ लेखनात ती नसावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

इथे भांडणाची सवय म्हणते, सापडला कच्चा दुवा. पण भांडारकर संस्थेने महाभारताचं काय केलं, हे मला आठवत होतं. १९१९ ते १९६६ या काळात बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून संस्थेने चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातल्या सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं, ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तो धावा तिथे मुख्य मजकुरात नाही, तळटिपांत गेला आहे. वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं एवढंच मूळ संहितेत उरतं. भरसभेत एका स्त्रीची विटंबना चालली आहे आणि कोणीतरी तिच्या बाजूने उभा राहतो, हा प्रसंग दोन्ही परंपरांच्या काळजातला. दोन्हीकडे अभ्यासक सांगतात की या जागा मूळ संहितेतल्या नव्हेत.

मी सरांना विचारलं, मग प्रवचनात तुम्ही ही गोष्ट सांगता की नाही? ते म्हणाले, सांगतो, आणि ती नंतर आली हेही सांगतो. ज्यांनी ती सांभाळली त्यांना तिच्यात आपला येशू ओळखू आला, म्हणून ती टिकली. मग त्यांनी तोच प्रश्न मला केला: कीर्तनात द्रौपदीचा धावा ऐकून तुमचे डोळे भरतात ना? भरतात, आणि भांडारकर आवृत्ती वाचल्यावरही भरतात. संहिता कधी रचली गेली आणि माणसाला तिच्यातून काय मिळालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पुराव्याने द्यायचं, दुसऱ्याचं जगून. पहिला दाबून दुसरा वाचत नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून तिचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांनी कोणाची श्रद्धा दुखावली नाही. चिकित्सा हेच त्यांचं भक्तीचं काम होतं. त्या वारशातल्या माणसाला बायबलच्या चिकित्सेचं नवल वाटू नये, आणि स्वतःच्या ग्रंथाच्या चिकित्सेची भीतीही वाटू नये.

चिकित्सेलाही मर्यादा आहेत, आणि त्या पुण्यातल्याच एका ख्रिस्ती विद्वानाने नेमक्या दाखवल्या. फादर जॉर्ज सोरेस-प्रभू हे जेझुइट नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप विद्यापीठात नवा करार शिकवत. १९९५ मध्ये ते गेले. मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा त्यांचा १९७६ चा ग्रंथ युरोपीय ऐतिहासिक पद्धतीतला कसून केलेला अभ्यास आहे. त्याच अधिकाराने त्यांनी म्हटलं की धर्मग्रंथ माहिती देण्यापेक्षा माणूस पालटण्यासाठी असतो. भारतातला वाचक गरिबी, जात आणि अनेक धर्म यांच्यामध्ये उभा राहून तो वाचतो, आणि त्याचे प्रश्न युरोपातल्या वर्गात सुचणारे नव्हेत. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, अरविंद निर्मल यांनी बंगळुरूला केलेल्या भाषणातून दलित ईश्वरविद्येची वाट उघडली. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात इस्राएली माणूस आपला बाप भटका अरामी होता असं देवापुढे सांगतो, ते वचन त्यांनी आपल्या माणसांच्या इतिहासाशी जोडलं. नगर आणि मराठवाड्यातून या औद्योगिक पट्ट्यात आलेल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मुळं दलित वस्तीत आहेत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी देवाला काय विचारलं, हा प्रश्न त्रैक्याइतकाच धर्मशास्त्राचा आहे. तो पाद्र्यांनी विचारला पाहिजे आणि आम्ही हिंदू शेजाऱ्यांनीही, कारण त्याच्या उत्तरात आमच्या गावकुसाचाही हिशेब आहे.

आजचं वातावरण अशा बोलण्याला पोषक नाही, हे मला दिसतं. प्रश्न विचारला की अपमान ठरतो, उत्तर दिलं की प्रचार ठरतो. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं मला आजही वाईट वाटतं. जानेवारी २०२० मध्ये ते त्या व्यासपीठावर गेले आणि बोलले, याचा तितकाच अभिमानही वाटतो.

म्हणून माझं मागणं दोन्हीकडच्या लोकांकडे आहे. एकाच पुण्याच्या परिसरात भांडारकर संस्था आहे, ज्ञानदीप आहे, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, आणि देहू-आळंदीही आहे. इतकी विद्या जवळजवळ असताना तिचं बोलणं बरंचसं इंग्रजीत आणि आपापल्या भिंतींच्या आत चालतं. ते मराठीत व्हावं आणि रहाटणीसारख्या वस्तीतल्या वाचनालयापर्यंत यावं. ज्याच्या घरी बायबल आहे त्याने गाथा मागून न्यावी, ज्याच्या घरी गाथा आहे त्याने एक शुभवर्तमान पूर्ण वाचावं. पटलं नाही तर तसं सांगावं, समोरच्यालाही ती मोकळीक द्यावी. अट एकच असावी: शेजाऱ्याच्या ग्रंथाला जी मोजपट्टी लावाल, तीच स्वतःच्या ग्रंथालाही लावा.