विषाणूचे अस्तित्व आणि त्याचे कर्तृत्व

पिकात नवा विषाणू आहे हे कोणत्या आधाराने मानावे, हा प्रश्न वरकरणी वनस्पतिरोगशास्त्राचा वाटतो. मुळात मात्र तो ज्ञानाच्या साधनांचा, म्हणजे भारतीय दर्शनांनी ज्यांना प्रमाणे म्हटले त्यांचा प्रश्न आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली, आणि त्यांतील अनुमानाची जितकी कठोर चिकित्सा केली तितकी क्वचितच अन्यत्र झाली असेल. जीनोमच्या क्रमनिर्धारणामुळे, म्हणजे आरएनए किंवा डीएनए यांच्या घटकांचा क्रम यंत्राने वाचण्याच्या पद्धतीमुळे, त्या चिकित्सेची आज पुन्हा गरज निर्माण झाली आहे; कारण आता नोंदल्या जाणाऱ्या अनेक विषाणूंचा कण कोणी पाहिलेला नसतो आणि त्यांच्यामुळे झालेला रोगही कोणी पाहिलेला नसतो; हाती असतो तो फक्त क्रम.

तुरीच्या वांझ रोगाचा इतिहास याच्या नेमका उलट दिशेने गेला. या रोगाची पहिली नोंद १९३१ साली बिहारमधील पूसा येथून झाली. (हे गाव मिथिलेत येते, आणि गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’ हा नव्यन्यायाचा पायाभूत ग्रंथ मिथिलेतच रचला, हा योगायोग या चर्चेत नोंदवण्याजोगा आहे.) रोगट झाडाची पाने लहान आणि फिकट चट्ट्यांची होतात, झाड झुडपासारखे दाटते आणि त्याला फुलेच येत नाहीत किंवा फार थोडी येतात; हिरवे राहूनही शेंग न धरणारे असे झाड विदर्भ-मराठवाड्यातील तूर उत्पादकांना वेगळे दाखवावे लागत नाही. येथे कार्य पूर्णपणे प्रत्यक्ष होते, कारण मात्र अज्ञात होते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एरिओफाइड कोळी हा रोग पसरवतो हे १९६०च्या दशकात कळले. पण वाहक हाती लागूनही कारक हाती लागला नाही, कारण रोगट पानांच्या रसातून तो निरोगी झाडात सहज शिरत नव्हता आणि त्याला शुद्ध स्वरूपात वेगळे काढणेही अतिशय अवघड होते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही संस्था आणि स्कॉटलंडमधील संशोधक यांनी सुमारे सत्तर वर्षांनी तो विषाणू ओळखला. पुढे जीनोमचे तुकडे वाचले गेले तेव्हा या रोगाशी एक नव्हे, तर दोन निरनिराळे विषाणू निगडित असल्याचे स्पष्ट झाले.

क्रमनिर्धारणाने ही वाट उलटी केली. पेरूमधील लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या संशोधकांनी २००९ साली रताळ्याच्या झाडांतील अतिसूक्ष्म आरएनए वाचून त्यांतून विषाणूंचे जीनोम जुळवले. विषाणू आत शिरला की वनस्पती त्याच्या आरएनएचे साधारण २१ ते २४ घटकांचे तुकडे करते, आणि हेच तुकडे या पद्धतीत वाचले जातात. म्हणजे जे वाचले जाते ते वनस्पतीच्या प्रतिकाराचे अवशेष असतात आणि त्यांवरून विषाणूचे अस्तित्व सिद्ध केले जाते. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या या अनुमानाला न्यायसूत्रांच्या परंपरेत शेषवत् म्हणतात. रताळ्याच्या त्या झाडांत अपेक्षित विषाणूंखेरीज अत्यल्प प्रमाणात असलेले, पूर्वी अज्ञात असे विषाणूही सापडले. अस्तित्वापुरते हे अनुमान बळकट आहे, आणि विषाणूंच्या वर्गीकरणाचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने केवळ क्रमावरून ज्ञात असलेल्या विषाणूंनाही वर्गीकरणात स्थान देण्याची भूमिका २०१७ साली मान्य केली, ती योग्यच होती.

तथापि अस्तित्वाचे अनुमान आणि कर्तृत्वाचे अनुमान ही दोन भिन्न अनुमाने आहेत. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेले साहचर्य, नैयायिकांनी मान्य केली. जेथे अग्नी तेथे धूर हे विधान मात्र त्यांनी नाकारले, कारण धुरासाठी ओले इंधन लागते. या दडलेल्या अटीला त्यांनी उपाधी असे नाव दिले. रताळ्यात हीच स्थिती दिसते. पानांवर पिसासारखे चट्टे पाडणारा एक विषाणू एकटा असता झाडाला फारसा त्रास देत नाही. परंतु पांढऱ्या माशीने आणलेला दुसरा विषाणू त्याच झाडात आला, की वनस्पतीची प्रतिकारयंत्रणा दुबळी होते, पहिल्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते आणि पीक जवळजवळ हातचे जाते. येथे रोगाचे कारण म्हणून पहिल्या विषाणूकडे बोट दाखवणारा मनुष्य उपाधी विसरलेला असतो.

केळीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. रानकेळीच्या बाल्बिसियाना या जातीच्या गुणसूत्रांतच केळीवर पट्टे पाडणाऱ्या विषाणूचा डीएनए फार पूर्वी मिसळून गेला आहे, त्यामुळे निरोगी झाडातही त्याचा क्रम वाचता येतो. संकर किंवा ऊतीसंवर्धन अशा प्रसंगी त्यातून खरा विषाणू जागा होऊ शकतो. एरवी तो जीनोमचा निव्वळ भाग असतो. म्हणजे येथे क्रम आढळणे हा हेतू, अर्थात अनुमानाचा आधारच, व्यभिचारी ठरतो: साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे तो खरा विषाणू, नसतानाही तो हजर असतो.

अस्तित्व आणि कर्तृत्व यांतील हा भेद केवळ तर्काच्या नेटकेपणासाठी जपायचा नाही. नव्या विषाणूला रोगकारक म्हटले, की बियाण्याची आणि कलमांची ने-आण थांबते, जतन केलेले वाण नष्ट करण्याचे निर्णय होऊ शकतात, आणि त्याची झळ ज्यांना तो अहवाल वाचताही येत नाही अशा लोकांना बसते. कर्तृत्व ठरवण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तपासावे लागतात: निरोगी झाडात विषाणू घातला असता रोग होतो का, आणि विषाणू काढून टाकलेले तेच वाण रोगमुक्त राहते का. हे काम मंद आहे आणि क्रम वाचण्याच्या वेगाशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून ते टाळण्याचा मोह होतो, आणि हा मोह सदोष ज्ञानाइतकाच अन्यायालाही कारण होतो. अशी तपासणी केली, तर कधी अपेक्षेच्या उलटही दिसते. हालापेन्यो मिरचीत बियाण्यावाटे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा, कोणतेही लक्षण न दाखवणारा एक विषाणू आहे; त्याच वाणाची विषाणूसह आणि विषाणूविना अशी झाडे शेजारी ठेवून पाहिल्यावर आढळले, की ज्या झाडात तो आहे त्याच्याकडे इतर घातक विषाणू वाहून आणणारा मावा कमी वळतो.